सव्वा महिन्याचा नारळ

शेळगावला मुद्दाम प्रवासाला कोणी जात नाही. बारामतीहून इंदापूरला जाणारी एसटी तिथं थांबते, चार माणसं उतरतात, दोन चढतात आणि खिडकीतल्या प्रवाशाला उसाच्या शेतांपलीकडे काही दिसत नाही. मीही तिथं कधी उतरले नसते. पण बारामतीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला, ऋतुजाला, कावीळ झाली आणि तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, पाय त्याच आठवड्यात प्लास्टरमध्ये गेला. तेव्हा चिपळूणचं आमचं औषधांचं दुकान नवऱ्याच्या गळ्यात घालून मीच निघाले. पोरीला उचलायचं आणि घरी आणायचं, एवढंच डोक्यात होतं. परत आले ती सहाव्या दिवशी, ऋतुजाला घेऊन, पण मनात दुसऱ्याच एका मुलीची काळजी होती.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. पंचवीस वर्षं काउंटरमागे उभी राहिल्यामुळे कोणी न विचारता सल्ला देण्याची मला खोड आहे. घरातले मला ‘फुकटची डॉक्टरीण’ म्हणतात. या प्रवासात ती खोड बऱ्यापैकी जिरली.

सोमवार, बारामती

बारामतीत उतरल्यावर मी आधी जरा दबकलेच. चिपळूणच्या मानानं रस्ते भलते रुंद, मधल्या दुभाजकावर झाडं, आणि जिकडेतिकडे पाठीला सॅक लावलेली कॉलेजची मुलं. पत्ता विचारत विचारत ऋतुजाची खोली शोधली, तर दाराला कुलूप. फोन लावला.

“मावशी, आधी चिडणार नाहीस असं म्हण.”

“चिडले. आता बोल.”

घरमालकिणीनं आजारी मुलगी ठेवून घ्यायला नकार दिला होता. हे आईला सांगायची ऋतुजाला हिंमत झाली नाही. तिच्या खोलीत राहणाऱ्या प्रतीक्षानं मग आपल्या वडिलांना फोन केला. ते दुधाचा टेम्पो घेऊन आले आणि दोघींना शेळगावला घरी घेऊन गेले. कावीळ झालेली परकी पोर त्या माणसांनी आपण होऊन घरात घेतली होती. मला चिडायला काही जागाच राहिली नाही.

शेळगावची गाडी धरण्याआधी ऋतुजाला तपासणाऱ्या डॉक्टरांना भेटले. तरुण गृहस्थ होते. मी औषधवाली आहे म्हटल्यावर त्यांनी रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला. कावीळ ‘ए’ प्रकारची, म्हणजे दूषित पाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून पसरणारी. यकृत दमलं होतं, पण सावरत होतं. विश्रांती आणि साधं जेवण. झाडपाला किंवा दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. पोर गुंगल्यासारखी वाटली किंवा उलट्या थांबेनात, तर तडक दवाखाना.

“सध्या फार बघतोय आम्ही,” ते म्हणाले. “आणि फक्त इथं नाही. देशभरातले माझे वर्गमित्र हेच सांगतायत. पूर्वी ही लहान मुलांची कावीळ होती. आता येतात ती वीस-बावीस वर्षांची मुलं. होस्टेलची, मेसची, भरतीच्या अकॅडमीतली.”

त्यांनी कारण सांगितलं ते सोपं होतं. आमच्या पिढीनं आडाचं, ओढ्याचं पाणी पिऊन ही कावीळ अगदी लहानपणीच काढली. त्या वयात ती बहुतेकदा कळतही नाही, आणि एकदा होऊन गेली की जन्मात पुन्हा होत नाही. आता घरोघरी फिल्टर आले. मुलं या रोगाला न भेटताच मोठी होतात, शिकायला बाहेर पडतात आणि कुठल्यातरी मेसच्या पिंपाशी त्यांची गाठ पडते. मोठ्या वयात ती जास्त छळते. म्हणजे आम्ही जपून वाढवलेल्या मुलांनाच तिनं गाठलं होतं.

“हिच्यासोबत जेवायला-खायला कोण असतं?” त्यांनी विचारलं.

प्रतीक्षा. तिचा डबा रोज सकाळच्या एसटीनं शेळगावहून यायचा, कंडक्टरच्या हातून. रविवारी मेस बंद असली की दोघी त्या एकाच डब्यात जेवायच्या. मी तिथूनच फोन करून विचारलं. शेवटचं असं जेवण झालं ते कालच्या नव्हे, त्याच्या आधीच्या रविवारी. आजचा आठवा दिवस होता.

डॉक्टरांनी प्रतीक्षाच्या नावानं काविळीच्या लशीची चिठ्ठी लिहिली. “चौदा दिवसांच्या आत टोचली तर ती वाचण्याची चांगली शक्यता आहे. जितकी लवकर तितकी बरी. खात्री मात्र मी देणार नाही.”

इथं एक गोष्ट लिहायलाच हवी, आणि ती लिहिताना मला लाज वाटते. ही लस माझ्या दुकानाच्या फ्रिजमध्ये कायम असते. गिऱ्हाइकांना मी ती आग्रहानं सुचवते. ऋतुजा बारामतीला निघाली तेव्हा मी तिला छत्री दिली, नाचणीचे लाडू दिले, तापाच्या गोळ्यांची पट्टी दिली. लस टोचायचं मला सुचलंच नाही. चिठ्ठी हातात घेऊन त्या दवाखान्याच्या पायरीवर मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. मग समोरच्या दुकानातून लस घेतली, बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या डब्यात बंद करून घेतली आणि गाडी पकडली.

तोच दिवस, शेळगाव

घर कालव्याच्या वाटेवर. अंगणात कडबा कुट्टीचं यंत्र, दोन जर्सी गाई आणि ओसरीच्या खाटेवर माझी भाची. डोळे हळदीनं रंगवल्यासारखे. मला बघून हसली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

प्रतीक्षाचे वडील दत्तातात्या, तिचे आप्पा, गावात दूध संकलनाचं केंद्र चालवतात. बोलणं कमी, ऐकणं जास्त. तिची आई शालनवहिनी याच्या बरोब्बर उलट.

“ताई, पोरीची काळजी सोडा,” त्या म्हणाल्या. “आमची प्रतीक्षा काय आन् ही काय. तिचं ताट, तांब्या, समदं येगळं ठिवलंया. हितं काय कमी पडायचं न्हाय.”

कमी काही नव्हतंच. शेजारपाजारचं प्रत्येक माणूस भेटायला येताना उसाच्या रसाचा तांब्या घेऊन येत होतं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना बिस्किटाचा पुडा नेतात. इथं कावीळ म्हटली की रस. रात्रीपर्यंत चार तांबे जमले. प्रत्येकाला मी “बर्फ कुठला घातलाय? ऊस कुठल्या पाण्यानं धुतला?” असं विचारत बसले. शेवटी एक म्हातारबा वैतागून म्हणाले, “बाई, प्येयाचा नसंल तर म्हशीला घाला, पर एवढी चवकशी नगं.” ऋतुजानं चादरीत तोंड लपवून हसून घेतलं.

मी डबा उघडून लस दाखवली. तात्यांनी बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“ताप येतो का ह्यानं?”

“क्वचित. हात दुखतो एखाद दिवस.”

त्यांनी बाटली परत डब्यात ठेवली. मग शालनवहिनींनी सगळं सांगितलं. प्रतीक्षा पोलीस भरतीची तयारी करत होती. तिचं ग्राउंड, म्हणजे धावण्याची आणि गोळाफेकीची चाचणी, बरोबर सव्वा महिन्यावर आली होती. यंदाच्या भरतीनंतर तिचं वय संपत होतं. आधी दोनदा ती थोडक्यात हुकली होती. आणि करोनाच्या लशीनं तिला चार दिवस सणसणून ताप आला होता.

“आता ऐन टायमाला पोरगी पडली तर?” तात्या म्हणाले. “तिला काय झाल्यालं न्हाय अजून. चांगली धावतीया. धडधाकट पोरीला सुई टोचायची, माझं मन घेत न्हाय बघा.”

“पण कावीळ व्हायचीच असेल तर ती चार आठवड्यांनी होते, तात्या. म्हणजे ग्राउंडच्या तोंडावरच.”

“गुरवारी हौसाआत्याकडं जाऊ. ती गुरवारचंच काविळीचं औषध देती. घरात एकाला झाली की बाकीच्यांस्नी एकेक घोट देती, म्हंजी त्यांना व्हत न्हाय. तिनं घोट दिला की मंग सुईची गरज न्हाय पडायची. ती म्हणंल तसं करू.”

सोमवारचा गुरुवार म्हणजे अकरावा दिवस. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वीज गेली. लस घरच्या फ्रिजमध्ये ठेवणं आता धोक्याचं होतं. तात्या उठले, डबा उचलला आणि म्हणाले, “चला माझ्यासंगं.” संकलन केंद्रात दुधाचे नमुने ठेवायचा एक छोटा फ्रिज होता, जनरेटरवर चालणारा, आत तापमापक टांगलेला. नमुन्यांच्या बाटल्या सरकवून त्यांनी लशीला एक कप्पा मोकळा करून दिला. “ही खराब व्हनार न्हाय, जबाबदारी माझी. टोचायचं का न्हाय ते गुरवारी बघू.” नकार देतानासुद्धा इतकी काळजी घेणारा माणूस मी प्रथमच पाहत होते.

मंगळवार आणि बुधवार, शेळगाव

पहाटे प्रतीक्षासोबत कालव्यावर गेले. ती धावायला, मी घड्याळ धरायला. दोन्हीकडे ऊस, मधून मातीची वाट, आणि कालव्याचं पाणी संथ, आवाज न करणारं. आमच्या कोकणात पाणी सदा घाईत असतं. इथलं पाणी पाळीपाळीनं, कोणाच्या शेतात किती वेळ हे ठरवून जातं. त्याची मला गंमत वाटली.

प्रतीक्षा उंच, काटक, वेणी घट्ट बांधलेली. आठशे मीटर धावून आली आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, “किती?” सांगितलं. तिनं मान हलवली. “अजून चार सेकंद कमी पायजेत.”

“तुला स्वतःला काय वाटतं? लस घ्यावी की नाही?”

तिनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. “मला दोन्हीची भीती वाटती, मावशी. ऋतूला बघते ना मी. चार पावलं चालली तरी तिला बसावं लागतंय. तसं मला झालं तर संपलंच. पण आप्पांच्या मनाविरुद्ध टोचून घ्यायची नाही मला. दोन वेळा नापास झाले तेव्हा सगळा गाव म्हणत होता, लगीन लावून टाक. एकटे आप्पा म्हणाले, आणखी एकदा धाव.”

मी सल्ला गिळला आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. असं माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

दुपारी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ऋतुजासाठी आमची पेज करायची होती. शालनवहिनी कौतुकानं बघत होत्या. पातेल्यातली मऊ, पाणीदार पेज पाहून म्हणाल्या, “ताई, ह्ये शिजवून झालं का शिजवायचंय अजून?” मग त्यांनी ज्वारीच्या कण्या शिजवल्या, वर ताज्या ताकाची धार आणि मीठ. ऋतुजानं पेज दोन घोट घेतली आणि कण्या वाटीभर खाल्ल्या. मावशीचा असा उघड पराभव झाला. पण आठ दिवसांत पहिल्यांदा पोर वाटीभर काही जेवली होती, त्यामुळे मी तो आनंदानं मान्य केला. बुधवारी ती शेंगदाण्याची चटणी मागू लागली. काविळीत माणूस चटणी मागायला लागला की यकृत ताळ्यावर येतंय असं खुशाल समजावं.

त्या दोन दिवसांत संकलन केंद्रावर मी सहा वेळा गेले. दर वेळी तात्या मुकाट्यानं फ्रिजचं दार उघडून तापमापक दाखवायचे.

गुरुवार, अंथुर्ण्याच्या पलीकडे

सकाळचं दूध पोचवून झाल्यावर टेम्पो आत्याच्या वस्तीकडे निघाला. पुढे तात्या आणि दोघी मुली, मागे रिकाम्या कॅनांच्या गर्दीत शालनवहिनी आणि मी. एका वळणावर परत आलेल्या दुधाचा, अर्धवट भरलेला एक कॅन माझ्या मांडीवर कलंडला. त्यामुळे हौसाआत्यासमोर मी उभी राहिले ती कमरेखाली दुधानं भिजून. मनात तयार केलेलं भाषण तिथंच निम्मं गळालं.

अंथुर्ण्यापासून आत दोन-तीन मैलांवर ती वस्ती. लिंबाच्या झाडाखाली वीस-पंचवीस माणसं बसलेली, त्यात पिवळ्या डोळ्यांची सात-आठ, बहुतेक तरुण. हौसाआत्या सत्तरीची, पांढऱ्या केसांची, हिरवं लुगडं नेसलेली. कुणाकडून काही घेत नाही. तिच्या सासूनं तसं बजावलं होतं. बरा झालेला माणूस सव्वा महिन्यानं पथ्य सोडायला येतो, एक नारळ आणतो, तो लिंबाखाली फोडून सगळ्यांना वाटतात. एवढाच तिचा मोबदला.

आधी हात धुण्याचा विधी. पितळी परातीत चुन्याचं पाणी, हातांना पाल्याचा रस चोळायचा आणि त्यात धुवायचे. पाणी पिवळं होतं आणि लोक म्हणतात, उतरली. आत्यानं माझ्याकडे बघितलं. “तू ये पुढं. लई टकामका बघतीयास.”

मी हात पुढे केले. मला कावीळ नाही, तरी पाणी पिवळंधमक झालं. आता हिला पकडलं, असं मनात म्हटलं. तर तीच वाकून हळूच म्हणाली, “समद्यांचंच पिवळं व्हतंय, बाय. पाल्याचा गुण हाय त्यो. पर आजारी माणसाला धीर येतो न्हवं?” माझं उरलेलं निम्मं भाषणही संपलं. ही बाई कोणाला फसवत नव्हती.

पण तेच पाणी दुसऱ्यासाठी, तिसऱ्यासाठी वापरलं जात होतं. आणि औषधाची चांदीची वाटी एकच होती. आजाऱ्यानं औषध प्यायलं की ती हंड्यात बुचकळायची, आणि त्याच हंड्यातलं पाणी घालून सोबत आलेल्या धडधाकट माणसांना ‘घोट’. मी रांगेतली माणसं मोजली. पाच-सहा जणांनंतर प्रतीक्षाची पाळी होती.

तेवढ्यात रांगेतला एक पिवळ्या डोळ्यांचा तरुण शालनवहिनींना सांगू लागला, “मागल्या टायमाला बायकुला घिऊन आल्तो. ती झाली बरी. आज तिचा नारळ हाय, आन् आज माझाच लंबर लागला.”

मी विचारलं, “मागच्या वेळी तुम्ही घोट घेतला होता?”

“घेतला की.”

मी सरळ आत्याजवळ जाऊन बसले. भाषण शिल्लक नव्हतं, म्हणून नुसतं विचारलं. “आत्या, सव्वा महिन्यानं लोक नारळ घेऊन येतात, तेव्हा सोबत कोण येतं?”

“पयल्या टायमाला आलेलीच येत्यात की. भाऊ, भन, सुना.”

“त्यातलं कोणी आजारी होऊन येतं का?”

तिचा हात वाटीवर थांबला. ती आठवू लागली. तिच्याकडे वही नव्हती, पण तिला प्रत्येक नारळ आठवत होता. “सणसरची दोघं भावंडं, मोठा बरा झाला तवा धाकटा आला. निमगावची पानमळ्यातली सून, नवऱ्याला घिऊन आली व्हती. कॉलेजातल्या तिघी मैतरणी, एकीपाठोपाठ एक.” बोटं मोजता मोजता दुसऱ्या हातावर गेली. “मला वाटायचं, घोट दिला म्हून हलक्यात गेली. न्हायतर जास्ती झाली असती.”

“ही कावीळ एकाच्या उष्ट्यातून, हातातून दुसऱ्याला जाते, आत्या. गेल्यावर चार आठवडे काही कळत नाही. आणि मग दिसते. सव्वा महिन्याच्या आत.”

आजूबाजूची माणसं आमच्याकडे वळली. मला वाटलं, आता ही मला वस्तीवरून हाकलते. आत्यानं हंड्यात पाहिलं, मग वाटीत, मग समोर बसलेल्या पिवळ्या डोळ्यांच्या तरुणाकडे. तिच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. खरं सांगते, एवढ्या चांगल्या बाईला हे ऐकवणारी मी का व्हावी, असं मला वाटलं.

मग तिनं हंडा उचलून लिंबाच्या बुंध्यात ओतला आणि वाटी परातीवर पालथी घातली.

“आज घोट न्हाय,” ती मोठ्यानं म्हणाली. “आजपास्नं घोट न्हाय. ज्यानं त्यानं घरनं आपापली वाटी आणायची. आन् सुनबाई, चुलीवर पाणी ठिव. खळाखळा उकळलं पायजे.”

कुजबुज झाली. एक बाई म्हणाली, “पर आत्या, तुमच्या सासूबाईंच्या येळंपास्नं...”

“म्हातारीच्या येळंला समदी गावातच ऱ्हात व्हती. एवढी पोरं कुठं मेसला जेवत व्हती?” मग ती तात्यांकडे वळली; शालनवहिनींनी आल्याआल्याच तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. “दत्ता, ह्या पावनीनं सुई आणलीया म्हणं. तुज्या पोरीला आदी ती टोच.”

“ताप आला तर, आत्या? ग्राउंड हाय तिचं.”

“ताप आला तर दोन दिस निजंल. कावीळ झाली तर म्हैनाभर उठायची न्हाय. रोज बघती मी.”

तात्यांनी होकारार्थी मान हलवली आणि टेम्पोची किल्ली खिशातून काढली. मी चार दिवस तोंडाची वाफ दवडून जे झालं नाही, ते आत्याच्या दोन वाक्यांनी झालं.

ऋतुजाचे डोळे तिनं खालची पापणी ओढून पाहिले. “हिला माजं औषध नगं. उतरत आलीया. खाऊ दे, निजू दे.” पाला मात्र बाकीच्यांना ती देतच राहिली, आणि त्यावर आमचं एकमत झालं नाही. उलट्या, गुंगी असेल त्याला मात्र औषध न देता थेट दवाखान्यात पाठवीन, एवढं तिनं मला कबूल केलं.

त्याच दुपारी, इंदापूर

संकलन केंद्रातून लस घेतली आणि तसेच इंदापूरला गेलो. बाजाराच्या रस्त्यावर ट्रक, ऊसवाले ट्रॅक्टर, तहसिलीच्या कामाला आलेली माणसं अशी कोंडी, आणि माझ्या मांडीवर डबा. तात्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पाहिली, लस किती तापमानात ठेवली होती ते विचारलं आणि प्रतीक्षाच्या दंडात सुई टोचली. अकरावा दिवस. तात्या दारात पाठ करून उभे होते.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं, आप्पा.”

मग आम्ही सगळ्यांनी भेळ खाल्ली, ऋतुजा सोडून. तिच्यासाठी केळी घेतली. तिनं आमच्याकडे पाहत केळं इतक्या रागानं सोललं, की आता ती बरी होणार याची माझी खात्री पटली.

प्रतीक्षाला ताप आला नाही. हात एक दिवस दुखला. शनिवारी आम्ही निघालो तेव्हा ती कालव्यावरून धावून येऊन थेट एसटीच्या खिडकीशी उभी राहिली. मी घड्याळ धरायला नव्हते, म्हणून वेळ तिनंच सांगितली. दोन सेकंद कमी झाले होते.

चिपळूण, नंतर

दुकानातल्या कॅलेंडरवर मी रोज एक दिवस खोडत होते. ऋतुजाचे डोळे पांढरे झाले, ती मासे मागू लागली, मग परत कॉलेजला गेली. या वेळी पाण्याची बाटली घरची, आणि दोघींनी मेसच्या मालकाकडून पिंप घासून घेतलं, पाणी उकळून ठेवायला लावलं. तिकडे चौथा आठवडा सुरू झाला. फोन वाजला की माझ्या हातातून गोळ्यांची पाकिटं पडत. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती, हे मी विसरले नव्हते.

पाचवा आठवडा गेला. ग्राउंडच्या दिवशी दुपारी फोन आला, तो तात्यांचा.

“धावली,” ते म्हणाले. “आठशेत दुसरी आली. गोळाबी टाकला. निकाल लागंल तवा लागंल. पर धावली, ताई.”

पुढच्या गुरुवारी ते नारळ घेऊन हौसाआत्याच्या लिंबाखाली गेले. हे मला ऋतुजानं सांगितलं, ती सोबत होती. झाडाखाली आपापली वाटी घेऊन माणसं बसली होती, चुलीवर हंडा उकळत होता. आत्यानं तात्यांच्या हातातला नारळ पाहून विचारलं, “कुणाला झाल्ती रं, दत्ता?”

“कुणालाच न्हाय, आत्या. प्रतीक्षाचा हाय.”

आत्यानं नारळ दोन्ही हातांत घेतला आणि कानाशी धरून हलवून पाहिला. मग रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “इतकी वर्सं झाल्यालीचं नारळ फोडलं. न झाल्याल्या काविळीचा ह्यो पयला.”

नारळ फुटला आणि लिंबाखालच्या प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा पडला. माझा वाटा तात्यांनी खडीसाखरेसह एसटीनं पाठवला, कंडक्टरच्या हातून, गाड्या बदलत बदलत. घाटाखाली पोचेपर्यंत खोबरं थोडं खवट झालं होतं. आमच्या परसात नारळाची सहा झाडं आहेत. तरी ते मी काउंटरमागे उभी राहून, कोणालाही न देता, सगळं खाल्लं.